दगडांच्या वाटेवर घट्ट टायर मागे का पडतो?

खान्देशातल्या कुठल्याही सायकल दुकानात हवा भरून झाली की दुकानदार अंगठ्याने टायर दाबून बघतो. अंगठा आत गेला नाही म्हणजे काम चोख. ‘हवा टाईट भरी ले भो’ हा सल्ला इथे लहानपणीच मिळतो. शाळकरी पोरांपासून दुधाचे कॅन लावून फिरणाऱ्या माणसापर्यंत सगळे तो पाळतात. डांबरी रस्त्यावर तो बराचसा बरोबरही आहे. पण माउंटन बाइकच्या शर्यतीत, मुरमाच्या आणि दगडांच्या वाटेवर, हाच सल्ला ऐकणारा मागे पडतो. तसं का होतं, याचं उत्तर मला पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी एक वाटतं.

लेखाला निमित्त झालं गेल्या हिवाळ्यातल्या एका हौशी शर्यतीचं. धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंगच्या बाजूच्या टेकड्यांत आम्ही चौघं उतरलो होतो: रावेरकडचा केळीवाला मित्र, बँकेत नोकरी करणारा दुसरा, चाळीसगावला शाळेत शिकवणारी मैत्रीण आणि मी. केळीवाल्याच्या पायांत आमच्या तिघांपेक्षा जास्त जोर. त्याने दोन्ही टायरांत ५० पौंड हवा मारली होती, मास्तरीणबाईंनी २५ च्या आसपास. पक्का रस्ता होता तोवर तो दिसेनासा झाला. दगड सुरू झाले आणि तिने त्याला गाठलं, मागे टाकलं, आणि तेही त्याच्याइतकी धाप न लागता. संध्याकाळी शेवभाजीच्या ताटावर वाद झाला. तिची सायकल चांगली, असं त्याचं म्हणणं. ते कारण पुरेसं नव्हतं.

आधी ही वाट कशी आहे ते बघू. धुळे आणि नंदुरबारचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. त्या थरांना भेगा पडून खालून आणखी लाव्हा वर घुसला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा खडक झिजल्यावर त्याच्या लांबच लांब सरळ भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि या भागात त्या इतक्या आहेत की अभ्यासक मुद्दाम इथे येतात. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की पायवाटेवर मुठीएवढे, धारदार कडांचे दगड पसरलेले असतात आणि त्यांच्याखाली सुटा मुरूम असतो.

आता टायरकडे वळू. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरू. मागच्या चाकावर त्यातला साधारण ६० टक्के, म्हणजे ५१ किलो भार येतो. आपण ज्याला ‘पौंड’ म्हणतो तो म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब. ५० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो. टायरच्या भिंतींचा ताठपणा सोडून दिला तर जमिनीला टेकलेला भाग ‘भार भागिले दाब’ या हिशेबाने निघतो: ५१ भागिले ३.५, म्हणजे १४-१५ चौरस सेंटिमीटर. दाब २५ केला की तो दुप्पट होतो, २९ च्या आसपास. संपूर्ण सायकल आणि माणूस आपल्या तळहाताहून लहान अशा तुकड्यावर उभा असतो.

चाक फिरताना हा तुकडा सतत बदलतो. रबराचा प्रत्येक भाग जमिनीवर येताना दबतो आणि सुटताना परत फुलतो. दाबताना आपण जेवढी ऊर्जा रबरात घालतो, तेवढी ते परत देत नाही. काही भाग उष्णतेत जातो. याला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि गुळगुळीत रस्त्यावर टायरचा रोध प्रामुख्याने यातूनच येतो. टायर घट्ट असला की कमी दबतो, म्हणून कमी ऊर्जा खातो. दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

रबर ऊर्जा का खातं, हे जरा खोलात बघण्यासारखं आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता, उकडून ताटात काढलेल्या शेवयांसारखा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवलं, तेव्हा या साखळ्यांमध्ये जागोजागी गंधकाचे टाके पडले आणि रबराला मूळ आकाराकडे परतायची सवय लागली. रबर दाबलं की साखळ्या एकमेकींवरून घसरत नव्या जागी जातात, आणि या घसरण्याला वेळ लागतो. त्यामुळे बल आणि आकारातला बदल एका तालात चालत नाहीत, बदल थोडा मागे रेंगाळतो. ही दिरंगाई जितकी मोठी तितकी ऊर्जेची गळती मोठी. आणि दिरंगाई किती, हे रबर सेकंदाला किती वेळा दाबलं जातंय आणि ते किती गार आहे यावर ठरतं. २९ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाला ते सेकंदाला दोनदासुद्धा फिरत नाही, म्हणजे टायरच्या दृष्टीने हा संथ कारभार. उलट दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावर रबर सूक्ष्म प्रमाणात घसरतं, तेव्हा त्याचा बाहेरचा पापुद्रा सेकंदाला हजारो वेळा दबतो आणि सुटतो. तिथली ऊर्जागळती म्हणजेच आपली पकड. म्हणून टायर बनवणाऱ्याला एकच रबर संथ तालात कंजूष आणि जलद तालात उधळं हवं असतं. टायरच्या रबरात एरवी मिसळतात त्या काजळीच्या जोडीला किंवा तिच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची बारीक पूड, मिसळून हे बऱ्याच प्रमाणात साधता येतं. थंडीतल्या पहाटे साखळ्या आणखी आळसावतात, तेव्हा तोच टायर जड चालतो. तापमान उतरवणं आणि ताल वाढवणं यांचा रबरावरचा परिणाम जवळपास सारखाच असतो, आणि पॉलिमरच्या, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांच्या, अभ्यासात हे सूत्र रोज वापरलं जातं.

आता चाक दगडावर येऊ द्या.

घट्ट टायर दगडाला जुमानत नाही. दगड एक सेंटिमीटर उंच असेल तर आस जवळपास तेवढाच वर उचलला जातो, त्याच्याबरोबर सायकल आणि स्वारही. ८५ किलो एक सेंटिमीटर उचलायला सुमारे ८ जूल लागतात (पुढचं आणि मागचं चाक मिळून). दर मीटरला असे दोनच दगड धरले, तरी ताशी १५ किलोमीटर वेगाला सेकंदाला आठ धक्के बसतात. ८ गुणिले ८, म्हणजे ६० वॅटच्या वर. हौशी सायकलस्वार तासभर सलग साधारण दीडशे वॅट देऊ शकतो असं धरा. म्हणजे या हिशेबाची कमाल मर्यादा त्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाते.

कमाल मर्यादा म्हणतोय, कारण दगड उतरताना काही ऊर्जा परत मिळायला हवी. ती किती मिळते, यातच सगळी गंमत आहे. चाक दगडावर चढताना दगड त्याला मागे ढकलतो. माथा ओलांडल्यावर दगडाच्या पलीकडच्या उताराने त्याला पुढे ढकलायला हवं, म्हणजे हिशेब मिटेल. घट्ट टायर मात्र माथ्यावरून उडतो. पलीकडच्या उताराला तो नीट टेकतच नाही, आणि पुढचा धक्का मिळायचा राहून जातो. मऊ टायर दगडाभोवती वळतो, आस फारसा हलत नाही, आणि दगडाच्या दोन्ही बाजू टायरला टेकलेल्या राहतात. मागे ढकलणारं आणि पुढे ढकलणारं बल जवळजवळ एकमेकांना रद्द करतं. या दबण्या-फुलण्यात मुख्य स्प्रिंगचं काम आतली हवा करते. रबराच्या तुलनेत हवा दबताना घेतलेली ऊर्जा जवळपास पूर्ण परत देते. म्हणूनच हवा भरलेल्या टायरचा शोध इतका मोठा ठरला.

मग घट्ट टायरवर वर उडालेल्या माणसाची ऊर्जा जाते कुठे? त्याच्याच अंगात. स्नायू, चरबी, पोटातले अवयव हे रबराच्याच जातीचे पदार्थ आहेत, दबले की उशिरा परतणारे. फक्त गळतीच्या बाबतीत ते रबरापेक्षा खूपच वाईट. त्यातच मानवी धड उभ्या कंपनांना साधारण सेकंदाला ४ ते ८ या तालात सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. आपण वर काढलेला आकडा आठ होता. आमची वाट आणि आमचा वेग यांनी मिळून नेमका तोच ताल गाठला, ज्या तालात शरीर सर्वांत जास्त हलतं आणि सर्वांत जास्त ऊर्जा गिळतं. हात, खांदे, कंबर यांना ते थोपवायला वेगळं राबावं लागतं. केळीवाल्याचे पाय पेडल मारत होते आणि बाकीचं अंग तीच कमाई उष्णतेत घालवत होतं. शर्यतीनंतर मनगटं आणि पाठ दुखते त्याचा बराचसा उगम इथे आहे.

हे पटवून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. दगडाळ पण सरळ असा एक लहान उतार निवडा. ठरलेल्या खुणेपासून पेडल न मारता, एकाच आसनात सायकल सोडा आणि ती कुठे थांबते ते चुन्याने आखा. हवा पाच-पाच पौंडांनी उतरवत जा आणि प्रत्येक दाबाला अनेकदा सोडा, म्हणजे वाऱ्याची आणि योगायोगाची फसगत टळेल. आम्ही चौघांनी मिळून हे केलं. खुणा आधी पुढे पुढे सरकत गेल्या, मग एका दाबाखाली परत मागे येऊ लागल्या, कारण तिथे टायर इतका दबतो की रबराचं नुकसान वरचढ होतं. म्हणजे प्रत्येक वाटेचा, वजनाचा आणि टायरचा एक योग्य दाब असतो. डांबरावर तो वर असतो, दगडांत खूप खाली.

इतिहासातही हेच दिसतं. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते विसरलं गेलं. जॉन बॉइड डनलॉपने १८८७-८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते नव्याने शोधलं, आणि पुढच्याच वर्षी विली ह्यूमने बेलफास्टमध्ये या जाड टायरांवर भरीव रबरी टायरवाल्यांना हरवून शर्यती जिंकल्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुणांनी मातीच्या उतारावर शर्यती सुरू केल्या, त्याही जाड टायरच्या जुन्या, जड सायकलींवर. माउंटन बाइकचा जन्म तिथला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिला जागा मिळाली. आपल्याकडे बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन हवेचा टायर आला, त्यामागेही हेच पदार्थविज्ञान आहे.

मऊ हवेसाठी टायर रुंदच का लागतो? टायरच्या रबरात असलेल्या कापडावरचा ताण दाब गुणिले टायरची त्रिज्या इतका असतो. २५ मिलिमीटरच्या रोड टायरमध्ये १०० पौंड आणि ५५ मिलिमीटरच्या माउंटन टायरमध्ये ४५ पौंड, दोन्हींत कापड जवळपास सारखंच ताणलेलं. त्यामुळे रुंद टायर हाताला घट्ट लागूनही आत दाब कमी असू शकतो. अंगठ्याची परीक्षा इथे फसवते. गेज घ्या.

शर्यतीच्या सकाळी काही सायकलींच्या हँडलला लिंबू-मिरची टांगलेली होती, काहींनी पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडलं. नव्या गाडीच्या पूजेपासून ही सवय आपल्याकडे रुजली आहे. ती निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. सुरक्षिततेचं काहीतरी केलं असं समाधान मिळालं की ब्रेकचे पॅड, चाकाची कळ आणि टायरच्या कडेच्या चिरा बघायच्या राहून जातात. घाटाच्या उतारावर माणूस वाचतो तो या तपासणीने.

पैसे घेऊन नायट्रोजन भरून देण्याचं खूळही तसंच. आपण फुकट भरतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर तो साध्या हवेइतकाच प्रसरण पावतो. विमानाच्या टायरसाठी कोरडा, ज्वलनाला मदत न करणारा वायू वापरायला सबळ कारणं आहेत. सायकलीला ती लागू नाहीत. ‘उन्हात हवा वाढून टायर फुटतो’ ही भीतीही आकड्यांत मांडून बघू. दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि निरपेक्ष दाबात वातावरणाचे १४.७ पौंडही धरावे लागतात. पहाटे १२ अंशांना २५ पौंड भरलेला टायर दुपारी ३० अंशांना साडेसत्तावीसवर जातो. जळगावच्या मे महिन्यात २५ अंशांना भरलेला टायर तापून ६० अंशांवर गेला तरी वाढ पाच पौंडांच्या आत राहते. एवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. मात्र योग्य दाबाची खिडकी दोन-तीन पौंडांचीच असते, म्हणून शर्यत दुपारची असेल तर तेवढी वाढ आधीच वजा करून भरावी.

दाब किती खाली न्यायचा याची सीमा ट्यूब ठरवते. फार मऊ टायर धारदार बेसाल्टवर आपटला की ट्यूब दगड आणि रिमच्या कडेमध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस टायरला हा धोका नाही, मात्र खूप आपटलं तर रिमच वाकते. ७० किलोच्या स्वाराने सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला मागे २५ आणि पुढे २२-२३ पासून सुरुवात करावी. पुढे भार कमी असतो आणि वळणावर पकड तिथेच जास्त लागते. ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच पौंड वाढवावेत. पावसाळ्यात काळ्या मातीत शिरणार असाल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. पाणी लागल्यावर फुगणारी ती चिकण माती टायर आणि फ्रेममधली फट भरून चाकच अडवते, आणि दाब कितीही असला तरी सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

राहिले सराटे. बांधावरून आणि पडीक रानातून जाणाऱ्या वाटेवर ते टायरात घुसतातच, मग हवा घट्ट असो की मऊ. ट्यूबलेसमध्ये लॅटेक्सचं पातळ द्रव्य घातलेलं असतं. भोकातून हवेबरोबर ते बाहेर येतं आणि तिथेच गोठून भोक बुजवतं. आपल्या उन्हाळ्यात हे द्रव्य लवकर सुकतं. म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी चाक कानाजवळ धरून हलवावं. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवीन द्रव्य भरावं, आणि टायरात रुतलेला सराटा वाटेत उपटायची घाई करू नये. घरी आल्यावर तो काढावा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवावं.