बालसंगोपन वेगळं, अनुरक्षण वेगळं

पारोळ्याकडच्या एक आजी नातवाचं पासबुक घेऊन आल्या होत्या. "आते पोऱ्या आठराना व्हयी गया. मंग पुढला पैसा येतीन ना?" गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, बालसंगोपन बंद झालं की अनुरक्षण, म्हणजे अठरानंतरची मदत, आपोआप सुरू होतं. त्यांना नाही म्हणताना फार जड गेलं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे हा घोळ ऐकतो, म्हणून लिहितोय.

बालसंगोपन योजना, जिच्या नावात आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आहेत, ती कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी. आई-वडील नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत, मूल आजीकडे, मामाकडे किंवा दुसऱ्या घरी वाढतंय, तर महिन्याला २,२५० रुपये. अठरा पूर्ण झाली की ती थांबते.

अनुरक्षण अठरानंतरचंच, पण मुलं वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांची आहे, म्हणजे बालगृहात वाढलेल्यांची. वय १८ ते २१, अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेत. आजीच्या घरी वाढलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. गरज तीच असताना त्याला बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

बालगृहातल्या मुलांचाही एक गैरसमज असतो, की अनुरक्षण म्हणजे फक्त अनुरक्षणगृह, म्हणजे अठरानंतर राहायचं वसतिगृह, तिथे जागा नसेल तर विषय संपला. तसं नाही. २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी मिळून राहायचं तात्पुरतं घर आहे, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन आहे, संपर्कात राहणारा समुपदेशकही आहे. हे का लागतं, ते खोली शोधताना कळतं. एका मुलासोबत जळगावात फिरलो होतो. पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी रिक्षातच ठेवलेली. घरमालकांनी आधार कार्ड पाहिलं, पत्ता बालगृहाचा. "वडील काय करतात?" पोरगा गप्प. तिसऱ्या घरीही हेच झालं. डिपॉझिटचे पैसे त्याच्या खिशात होते, तरी खोली मिळेना.

म्हणून अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नका. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी मुलाचा पुढचा आराखडा बालकल्याण समितीकडे जायला हवा, असं नियमच सांगतो. सतरावं लागलं की बालगृहाच्या अधीक्षकांना विचारा, आराखडा झाला का. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा.

बालसंगोपनातल्या मुलांनी राहण्याची सोय दुसरीकडे बघावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार. दोन्हींत जेवण-निवासासाठी पैसे थेट खात्यात येतात. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढा. २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे.

आजी भिल्ल समाजातल्या, नातवाला धुळ्याला शिकायचंय. वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरला. जातीचा दाखला घरी राहिला होता, तो घेऊन त्या सोमवारी पुन्हा येणार आहेत.