चांद्रमातीतून प्राणवायू

चंद्रावरच्या भुकटीसारख्या मातीतून (रेगोलिथ) प्राणवायू, पाणी व धातू तिथल्या तिथे मिळवण्याचे तंत्र. प्राणवायू श्वासापेक्षा रॉकेटला जास्त लागतो : हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनात त्याचे वजन हायड्रोजनच्या पाच-सहापट असते. चांद्रमातीच्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायूच आहे, पण तो सिलिकॉन, लोह, टायटॅनियम यांच्याशी घट्ट बांधलेला.

त्यातल्या त्यात लवकर सुटतो तो इल्मेनाइट या लोह, टायटॅनियम व प्राणवायूच्या काळ्या खनिजातून. कोकणाला ते परके नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीच्या पुळणीवर ओहोटीनंतर काळ्या रेघा उमटतात, त्यांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून (बेसाल्ट) झिजून नद्यांवाटे आलेले. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक त्यावरून फिरवला की मॅग्नेटाइटचे कण मिशांसारखे उभे राहतात. इल्मेनाइटला जास्त ताकदीचा चुंबक लागतो. चंद्रावर ज्या डागांत आपण ससा पाहतो तेही बेसाल्टच. अपोलो ११ (१९६९) व अपोलो १७ (१९७२) यांनी तिथून आणलेल्या नमुन्यांत टायटॅनियम भरपूर निघाले.

इल्मेनाइट सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावरून हायड्रोजन सोडला की लोहाशी जोडलेला प्राणवायू सुटतो व पाण्याची वाफ होते. त्या पाण्याचे विद्युत् विच्छेदन केले की प्राणवायू हाती येतो आणि हायड्रोजन परत भट्टीत जातो. हिशेबाने १०० किलो शुद्ध इल्मेनाइटमागे जेमतेम साडेदहा किलो प्राणवायू.

खरी मेख ‘शुद्ध’ या शब्दात आहे. कोकणात निवडणे-पाखडणे लाटा करतात : इल्मेनाइटची घनता ४.७, गारगोटीच्या (क्वार्ट्झ) कणांची २.६५, परतणारे पाणी हलके ते ओढून नेते, जड मागे राहते. चंद्रावर ना वाहते पाणी, ना वारा. तिथले कण घासून गोलही होत नाहीत, काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात आणि यंत्रांचे सांधे खातात. माती वितळवून तिच्यातून थेट वीज सोडली तर निवड टळते, पण त्याला १,६०० अंशांच्या आसपास तापमान लागते.

ध्रुवांजवळ कायम सावलीतल्या विवरांत बर्फही आहे. २००९ मध्ये नासाने कॅबियस विवरावर रॉकेटचा भाग आदळवला तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाणी आढळले. हेलियम-३ (हेलियमचे हलके रूप, अणुसंमीलनाचे संभाव्य इंधन) याचा गाजावाजा मोठा, पण ते मातीत अब्जांश प्रमाणात आहे आणि ते इंधन म्हणून वापरणारे वीजकेंद्र कुठेच नाही.

२०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत लोह, टायटॅनियम व प्राणवायू नोंदवले. ती जागा मात्र उजळ उंचवट्यांची. इल्मेनाइटचा साठा सशाकडे.