नगरगाभ्याचे पुनरुज्जीवन व शासकीय कार्यालये

शहराचा जुना मध्यभाग उतरणीला लागला असता, त्याला सावरण्याच्या योजनेत शासकीय कार्यालयांचा हेतुपूर्वक उपयोग करण्याचे धोरण. यात जागच्या कार्यालयांची दुरुस्ती व विस्तार, पाडून नव्याने बांधणी आणि उपनगरात गेलेली कार्यालये परत आणणे, असे तिन्ही मार्ग येतात. शासन एकदा जागा धरून बसले की सहसा दशकानुदशके हलत नाही. त्यामुळे आसपासच्या मालमत्तेत पैसा घालणाऱ्यांना भरवसा वाटतो आणि कर्मचारी व कामासाठी येणारे नागरिक यांची रोजची वर्दळ लाभते, हे या धोरणामागचे गृहीतक आहे.

या कल्पनेचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो फ्लॉरेन्सच्या उफीत्सीपर्यंत मागे नेतात. इटालियन भाषेत उफीत्सी म्हणजे कार्यालये. फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोसिमो याने शहरभर विखुरलेली न्याय व प्रशासन खाती एका छताखाली आणण्यासाठी १५६० मध्ये वास्तुकार जोर्जो वासारीकडून हे काम सुरू करविले. जुना राजवाडा आणि आर्नो नदी यांमधली दाट वस्ती त्यासाठी हटवली गेली. मात्र टांकसाळ आणि एका प्राचीन चर्चचा काही भाग नव्या इमारतीत सामावून घेतला गेला. वासारीच्या मृत्यूनंतर, साधारणपणे १५८० च्या सुमारास, काम पुरे झाले. तळमजल्यावर सलग खांबांची ओसरी ठेवल्याने रस्ता आणि कार्यालय यांच्यात भिंत आडवी आली नाही, ही गोष्ट आजच्या वास्तुकारांनीही जवळून पाहावी अशी आहे. असे असले तरी, ऱ्हास थांबवणे हा तिथला हेतू नव्हता. सत्ता एकवटणे हा होता. म्हणून उफीत्सीला या कल्पनेची पूर्वज म्हणावे, उगम म्हणू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा पक्ष व्हिएन्नाकडे बोट दाखवतो. १८५७ च्या राजाज्ञेने तट पाडून वर्तुळाकार हमरस्ता आखला गेला आणि पुढे त्याच्या कडेने संसद व नगरभवन (१८७२–८३) उभे राहिले. पण ही बांधकामे मुख्यतः तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यावर झाली. मोडकळीस आलेल्या वस्तीचा प्रश्न तेथे फारसा आलाच नाही. मोडकळीची वस्ती, ती सुधारण्याचा उघड हेतू आणि साधन म्हणून कार्यालये, हे तिन्ही घटक प्रथम एकत्र दिसतात ते बहुधा अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या १९०३ च्या आराखड्यात. डॅनिअल बर्नम, जॉन कारेर आणि आर्नोल्ड ब्रनर यांनी तलावाकाठची जुनी वस्ती काढून एका लांबरुंद हिरवळीभोवती संघीय इमारत, न्यायालय व नगरभवन मांडण्याची शिफारस केली आणि ती बऱ्याच अंशी अमलातही आली.

पाडकामाचा काळ : अमेरिकेच्या १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जमीन मिळवून मोकळी करण्याच्या निव्वळ तोट्याचा (खर्च आणि जमीन विकून येणारी रक्कम यांतील फरकाचा) दोनतृतीयांश भाग संघ शासनाने उचलण्याची तरतूद केली. १९५४ च्या कायद्यात ‘नगर पुनरुज्जीवन’ हा शब्द रूढ झाला. याच काळात कार्यालयांसाठी सबंध मोहल्ले नाहीसे झाले. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे सुमारे ९८ एकरांवरील वस्ती हटवून १९६५ ते १९७६ या काळात राज्य कार्यालयांचे संकुल उभारले गेले. त्यापायी हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. नोंदींत हा भाग थोडक्यात उरकला जातो, पण या धोरणाची खरी किंमत तीच होती.

बॉस्टनमध्ये स्कॉली चौकाचा नाट्यगृहे, दुकाने व खाणावळींनी गजबजलेला परिसर पाडून आय. एम. पेई यांच्या आराखड्यानुसार शासकीय केंद्र झाले. त्यातील काँक्रीटचे नगरभवन १९६८ मध्ये पूर्ण झाले. वास्तुकारांनी त्याची वाखाणणी केली. समोरच्या विटांच्या विस्तीर्ण चौकाची मात्र कोणी केली नाही. सावली नाही, बसायला जागा नाही, उतारावर पायऱ्याच पायऱ्या. आणि कचेरी सुटली की चौक ओस. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तर मुख्य दारापर्यंत पोहोचणेच जिकिरीचे होते. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तेथे झाडे लावली गेली आणि पायऱ्यांऐवजी सौम्य उताराची वाट आली. ही दुरुस्ती व्हायला अर्धशतक लागले.

दुरुस्तीकडे वळण : पाडण्याऐवजी थोडे कापून बाकीचे जगवावे, असा विचार स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील शहरांच्या पाहणीत मांडला होता. शासकीय इमारतींच्या बाबतीत तो कायद्यात उतरायला १९७६ साल उजाडले. त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्याने जुन्या वास्तू कार्यालयांसाठी घेण्यास उत्तेजन दिले आणि संघीय इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने, खाद्यगृहे व सांस्कृतिक उपक्रमांना मुभा दिली. वॉशिंग्टनमधील १८९९ चे जुने टपाल कार्यालय पाडण्याचे बेत पूर्वी एकाहून अधिक वेळा झाले होते. ते दुरुस्त होऊन १९८३ मध्ये कार्यालये व दुकानांसह उघडले. नागरी भागातील संघीय कार्यालयांसाठी शहराच्या मध्यभागाचा प्रथम विचार व्हावा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये काढला. तेथील ऐतिहासिक इमारतींना प्राधान्य देणारा आदेश क्लिंटन यांनी १९९६ मध्ये काढला. २०२५ मध्ये हे दोन्ही आदेश रद्द करण्यात आले.

भूकंपरोधक दुरुस्ती : भूकंपप्रवण शहरांत जुने कार्यालय राखायचे की पाडायचे, हा निर्णय पुष्कळदा पायाशी येऊन ठेपतो. भिंतींना पोलादी आधार द्यायचा तर आतली कोरीव कामे उद्ध्वस्त होतात. यावर तोडगा निघाला तो शिसे-रबर धारकांचा, म्हणजे पाया आणि इमारत यांच्यामध्ये बसवायच्या लवचीक आधारांचा. रबर आणि पोलादाच्या पातळ पत्र्यांचे एकाआड एक थर आणि मधोमध शिशाचा दंडगोल, अशी त्याची रचना असते. जमीन आडवी हलली की रबर वाकते व परत येते. शिसे मात्र कणकेसारखे मळले जाऊन हादऱ्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शोषून घेते. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेले हे तंत्र वेलिंग्टनमधील विल्यम क्लेटन इमारतीत, म्हणजे एका शासकीय कार्यालयातच, सुरुवातीला वापरले गेले. जुन्या वास्तूत ते बसवणे फार नाजूक काम असते. इमारतीचा भार टप्प्याटप्प्याने तोलून धरायचा, पायात खाच पाडायची, तीत धारक सरकवायचा आणि मग भार त्यावर सोडायचा. इमारतीला सरकायला वाव मिळावा म्हणून भोवती खंदक राखावा लागतो आणि पाण्याचे नळ व विजेच्या तारांना लवचीक जोड द्यावे लागतात. सॉल्ट लेक सिटीतील १८९४ चे नगर व परगणा भवन १९८९ मध्ये अशा ४४० हून अधिक धारकांवर आले. ऐतिहासिक वास्तूवरील हा असा पहिला प्रयोग मानतात. त्याच वर्षीच्या भूकंपात तडे गेलेले सॅन फ्रान्सिस्कोचे नगरभवन सुमारे ५३० धारकांवर बसवून १९९९ मध्ये पुन्हा उघडले.

सुरक्षा आणि रस्ता : ओक्लाहोमा सिटीतील संघीय इमारतीवर एप्रिल १९९५ मध्ये झालेल्या बाँबस्फोटानंतर इमारत रस्त्यापासून मागे घेणे, वाहने अडवणाऱ्या बुटक्या खांबांची रांग लावणे आणि एकच तपासणीचे दार ठेवणे, हे नियम कडक झाले. जीव वाचवणारे हे नियम आवश्यकच होत. परंतु तळमजला रस्त्याला खुला ठेवण्याच्या १९७६ च्या भूमिकेशी त्यांचा मेळ बसत नाही आणि पुनरुज्जीवनाचा लाभ नेमका तळमजल्यावर ठरतो. चार बाजूंनी बंद भिंत असलेले कार्यालय कितीही नवे असले तरी शेजारच्या फुटपाथला त्यातून काही मिळत नाही.

अमेरिकेबाहेरच्या प्रयत्नांत पॅरिस उल्लेखनीय आहे. तेथील अर्थमंत्रालय लूव्हर संग्रहालयाच्या वास्तूतून निघून १९८९ मध्ये शहराच्या दुर्लक्षित पूर्व भागात, बेर्सी येथे गेले. एकाच हालचालीत संग्रहालयाला जागा मिळाली आणि पूर्व पॅरिसच्या पुनर्विकासाला आधार. बर्लिनमध्ये राईशस्टाग हे जुने संसदभवन वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्यानुसार सुधारून १९९९ पासून संसदेच्या वापरात आले. त्याच्या काचेच्या घुमटात नागरिकांना चढून जाता येते. लहान शहरांतील तालुका पातळीच्या कचेऱ्यांवर असे सविस्तर लेखन क्वचितच आढळते. घरून काम करण्याची पद्धत २०२० नंतर रुळल्यापासून मात्र रिकामी शासकीय दालने निवासासाठी वळवण्याचा विचार अनेक शहरांत सुरू आहे. तेथे अडचण येते ती मजल्यांच्या रुंदीची : रुंद मजल्याच्या मध्यावर उजेड पोहोचत नाही, उलट आतल्या चौकाभोवती बांधलेल्या जुन्या कार्यालयांत तो सर्व खोल्यांत पोहोचतो.