सबवूफर नुसताच घुमतो तेव्हा

सबवूफर अचानक गप्प झाला किंवा गाणे नसतानाही घुमू लागला, की संशयाची सुई आधी स्पीकरकडे वळते. हा संशय मिनिटभरात तपासता येतो. स्पीकरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडवून त्यांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, जागचा हलला आणि ‘टप्प’ असा आवाज आला, तर त्याला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, शाबूत आहे. 4 ओहमचा म्हणून घेतलेला स्पीकर मल्टिमीटरवर 3 ते 3.5 ओहम दाखवतो, त्यात काही वावगे नाही.

स्पीकर ठीक निघाला, तर स्क्रू काढण्यापूर्वी ती घुमघुम नीट ऐकावी. विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा असेल, तर एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर त्या लहरीचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेला वळवत असल्यामुळे पुढे उरणारा तरंग 100 हर्ट्झचा होतो, आणि सबवूफर हा मुळात असलेच खालचे स्वर मोठ्याने वाजवण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे लहान स्पीकरवर कानाला जाणवणारही नाही असा दोष इथे खिडकीची तावदाने थरथरवतो. सिग्नलची केबल काढताच आवाज थांबला, तर दोष केबलमध्ये किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वळशात शोधावा. केबल काढूनही तो राहिला आणि व्हॉल्यूम शून्यावर आणूनही कमी झाला नाही, तर बहुधा अँप्लिफायरच्या आतल्या वीजपुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर, म्हणजे भार साठवून हा तरंग सपाट करणारा भाग, थकलेला असतो.

आता उघडायला हरकत नाही, मात्र 230 व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर सुमारे 325 व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ टिकतो. तो रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. पेचकसाने ठिणगी पाडण्याची हौस महागात पडते.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद यांची गुंडाळी. उष्णतेने हा द्रव हळूहळू निघून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी उतरले तर आयुष्य दुप्पट होते. म्हणजे 105 अंशांवर 2,000 तासांची हमी असलेला कपॅसिटर 75 अंशांवर 16,000 तास चालावा. पण अँप्लिफायर दिवसरात्र स्टँडबायवर ठेवला आणि तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसलेला छोटा कपॅसिटर तेवढाच गरम राहिला, तर हे तास दोन वर्षांच्या आतच भरतात. डोके फुगलेला कपॅसिटर सहज ओळखू येतो. फसवतो तो सपाट डोक्याचा, कारण त्याचे मायक्रोफॅरड (भार साठवण्याची क्षमता) बरोबर भरले तरी आतला रोध वाढलेला असू शकतो, आणि तो पकडायला हाच आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लागतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ऋण बाजूची पट्टी जुन्याच जागी ठेवावी.

बंद खोक्यातला अँप्लिफायर स्वतःच्याच आवाजाने हादरत असतो, म्हणून जड भागांच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चिरा पडतात. भाग हलू नयेत म्हणून लावलेला काही प्रकारचा गोंदही वर्षानुवर्षे तापून तपकिरी होतो आणि चक्क वीज वाहू देऊ लागतो, तेव्हा तो खरवडून काढलेला बरा.

फ्यूज उडाला असेल, तर नुसता नवा घालून चालत नाही, कारण बहुतेक वेळा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. सुटा केलेला ट्रान्झिस्टर दोन पायांमध्ये उलटसुलट दोन्हीकडून शून्याजवळ रोध दाखवत असेल, तर तो गेला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना तारेचा जुना, पिवळा बल्ब पुरवठ्याला सिरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखर पेटून राहिला तर शॉर्ट अजून बाकी आहे. त्यानंतरही स्पीकर लगेच जोडू नये. आउटपुटवर 35 व्होल्ट डीसी अडकलेले असतील, तर 3.5 ओहमच्या कॉइलमधून 10 अँपिअर वाहतात आणि कोन एका बाजूला रेटून धरला जात असताना 350 वॉट उष्णता तिला जाळून टाकते. मीटरवर डीसी काही दहा मिलिव्होल्टच्या आत आले, की मगच तारा जोडाव्यात.