रक्तवाढीच्या गोळीतलं परळ

'अंगात रक्त कमी आहे' हे मुंबईत इतकं रुळलेलं वाक्य आहे, की त्याला आजाराचा मानच उरलेला नाही. चेहरा पांढुरका दिसला, जिना चढताना धाप लागली, की शेजारीण सांगते: बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, रक्तवाढीची गोळी घे. सल्ला वाईट नाही. पण रक्त कमी होण्याची कारणं अनेक, आणि त्यातल्या एका कारणाचा छडा लागला तो परळला.

लोह आणि रक्ताचं नातं जुनं आहे. पांडुरोगावर मंडूरभस्म, लोहभस्म देण्याची वैद्यांची परंपरा होतीच. 1926 साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं, की एका जीवघेण्या ॲनिमियावर लोह नव्हे, तर यकृत, म्हणजे कलेजी खाण्याचा उपाय चालतो. तो ब-12 या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार होता, हे पुढे कळलं.

अशात 1928 ला ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम मांडलं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना गंभीर ॲनिमिया होत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लाल पेशी लहान नव्हे, उलट फुगलेल्या दिसत. विल्सने जंतू शोधण्याबरोबरच ताटात काय असतं तेही पाहिलं: भाजी-फळं नगण्य. तसाच निकृष्ट आहार तिने उंदीर आणि माकडांना देऊन पाहिला. कलेजीचा कच्चा अर्क लागू पडे. त्या जीवघेण्या ॲनिमियावर चालणारा शुद्ध अर्क मात्र इथे फोल ठरे. म्हणजे गुण देणारं द्रव्य वेगळंच होतं. शेवटी कामाला आलं मार्माइट: यीस्टपासून बनणारी काळी, खारट, चिकट पेस्ट. स्वस्त, आणि चव अशी की एरवी कुणी आवडीने खाल्ली नसती! 1931 ला तिचा निबंध छापून आला. त्या अनामिक द्रव्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. 1941 साली काही टन पालकातून ते वेगळं काढलं गेलं, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी 'लोहाची' म्हणूनच ओळखली जाते. परळचा वाटा कुणाच्या लक्षातही येत नाही.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या कागदावर आपण हिमोग्लोबिनचा आकडा वाचून थांबतो. खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, हे खरं बोलकं. साधारण 80 ते 100 नेहमीचा. वर गेला तर फॉलिक किंवा ब-12 चा संशय. खाली आला की बहुतेकदा लोहाची कमतरता. पण थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या वंशागत दोषातही पेशी लहानच असतात, आणि तिथे लोह भरपूर असलं तरी आकडा हलत नाही. त्यासाठी एचबीए-2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार तपासावा लागतो. सिंधी, पंजाबी, कच्छी भानुशाली घरांत हा दोष जास्त आढळतो, तर सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा वंशागत आजार, पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात.

हे वंशागत प्रकार अभ्यासणारी राष्ट्रीय संस्थाही परळलाच, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. 1957 ला रक्तगट केंद्र म्हणून ती सुरू झाली. हाफकिनच्या फाटकापासून तिथे चालत जाता येतं, आचार्य दोंदे मार्गानेच.