गोवंशीय क्षयरोग चाचणी व ने-आण बंदी (सोलापूर जिल्हा)

गायी-म्हशींमधील क्षय ओळखण्यासाठी कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयजंतूपासून काढलेले प्रथिन) टोचून केली जाणारी तपासणी, आणि तिच्या निकालावरून जनावराच्या विक्रीवर व ने-आणीवर येणारी बंधने. रोग प्रामुख्याने मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूमुळे होतो. भारतातल्या गुरांत मायकोबॅक्टेरियम ओरिजिसही आढळला आहे. खोकला, खंगणे ही लक्षणे फार उशिरा दिसतात. तोवर जनावर धडधाकट असते, दूध देते आणि बाजारात चांगला भावही खाते. खिलारसारख्या देशी गुरांपेक्षा संकरित होल्स्टीन गायींत, त्यातही दाटीवाटीच्या बंदिस्त गोठ्यात, रोग अधिक फैलावतो.

चाचणी दिसायला सोपी आहे. मानेवरचे केस कातरून कातडीची घडी चिमटीत धरायची, कॅलिपरने तिची जाडी मोजायची आणि ०.१ मिलि. ट्युबरक्युलिन कातडीच्या थरातच सोडायचे. सुई नीट बसली तर वाटाण्याएवढी गाठ बोटाला लागते. नाही लागली तर औषध खाली उतरले आणि टोचणी वाया गेली. ७२ तासांनी तीच घडी पुन्हा मोजतात. एकेरी चाचणीत, म्हणजे हे एकच ट्युबरक्युलिन टोचले असता, जाडी ४ मिमी किंवा जास्त वाढली तर जनावर बाधित धरतात, वाढ २ मिमी किंवा कमी असेल तर निर्दोष, मधले संशयित. इतर जातीच्या जंतूंमुळेही सूज येते, म्हणून शंका असल्यास शेजारी पक्ष्यांच्या क्षयजंतूचे ट्युबरक्युलिन टोचून दोन्ही गाठींची तुलना करतात. नुकत्याच व्यालेल्या किंवा रोगाने पार पोखरलेल्या जनावरात सूज अनेकदा येत नाही, हा या चाचणीचा मोठा दोष.

घोडे अडते ते ७२ तासांवर. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो, आणि दुपारपर्यंत गाय टेम्पोत चढून कर्नाटकच्या वाटेलाही लागलेली असते. बुधवारी गाठ मोजायला ती सापडणार कुठे? त्यामुळे बाजारात ही चाचणी होणे शक्यच नाही. ती विकणाऱ्याच्या गोठ्यात आधी व्हावी, नाहीतर घेणाऱ्याने नवे जनावर वेगळे बांधून नंतर करून घ्यावी. एकदा टोचल्यावर निदान ४२ दिवस पुन्हा टोचून उपयोग नसतो, कारण कातडीची प्रतिक्रिया मंदावते. विक्रीआधी मुद्दाम टोचून घेतलेले जनावर त्यामुळे खरेदीदाराच्या चाचणीत सुटू शकते.

ब्रिटनमध्ये बाधित जनावर भरपाई देऊन कापतात आणि कळपातल्या जनावरांची विक्री साधारणपणे ६० दिवसांच्या अंतराने दोन चाचण्या स्वच्छ येईपर्यंत रोखतात. महाराष्ट्रात हा मार्ग बंद आहे. १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल निषिद्ध केली आणि २०१५ पासून बैल व वळूही त्यात आले. केंद्राच्या २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगविषयक कायद्याच्या अनुसूचीत गोवंशीय क्षयरोग आहे. त्यानुसार रोगाची शंका आल्यास मालकाने कळवायचे, जनावर वेगळे काढायचे, आणि शासनाला 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर करून बाजार व वाहतूक थांबवता येते. हे अधिकार केवढे मोठे आहेत, ते गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत दिसले: सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. क्षयासाठी तशी टाळेबंदी कोणी करत नाही. लम्पीच्या गाठी रस्त्यावरून दिसतात. क्षयाच्या गाठी फुप्फुसात असतात. नियमित चाचणी खरी पाळली जाते ती वळूंचे गोठवलेले वीर्य पुरवणाऱ्या केंद्रांत: तिथे वळूला विलगीकरणात ठेवून तपासल्याशिवाय आत घेत नाहीत.

सामान्य गोठ्यात बाधित ठरलेली गाय बहुधा मालकाकडेच राहते. विकली तर रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो, ठेवली तर चारा खाते. प्रामाणिक मालक तिला गव्हाणीच्या टोकाला, वारा इतर जनावरांकडून तिच्याकडे वाहील अशा बाजूला बांधतो, तिची बादली वेगळी ठेवतो आणि वासराला तिचे कच्चे दूध पाजत नाही. घरातल्यांनीही दूध उकळूनच घ्यायचे, धारोष्णाचा हट्ट सोडायचा. माणसाला मायकोबॅक्टेरियम बोव्हिसचा क्षय झालाच तर नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड त्यावर चालत नाही. म्हणून गोठ्यात बाधित जनावर असल्यास डॉक्टरांना तसे आधीच सांगावे लागते.