देवधर्मानं मनातला सल निघतो की वाढतो?

पेरणी उलटली आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा हात पसरावे लागले, की घरात दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. "पाऊस पुरता झाला नव्हता, मी घाई केली, माझं चुकलं" हे एक. "मी आहेच करंटा, माझ्या पापानं घराचं वाटोळं झालं" हे दुसरं. वरवर दोन्ही पश्चात्तापच. मानसशास्त्र मात्र त्यांना वेगळं मोजतं. पहिल्यात राग कृतीवर आहे, दुसऱ्यात स्वतःवर. हेलन ब्लॉक लुइस या अमेरिकी मनोविश्लेषक बाईंनी 1971 मध्ये हा फरक नीट मांडला. पुढे मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या अभ्यासांत तो पुन्हापुन्हा दिसला. कृतीचा अपराध वाटणारा माणूस माफी मागायला, नुकसान भरून द्यायला उठतो. ज्याला स्वतःचीच शिसारी आली आहे तो लोकांना टाळतो, घरच्यांवर उखडतो आणि नैराश्याकडे झुकतो.

त्यामुळे धर्म अपराधीपणा वाढवतो का, असं सरसकट विचारून हाती काही लागत नाही. एकाच गावात, एकाच पारावर दोन्ही घडतं. बघायचं ते हे, की विधी कृतीबद्दल बोलतो की माणसाबद्दल, आणि फेडीला काही माप आणि शेवट आहे की नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी घ्या. वर्षभर जू वाहून सोललेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर वर्षभर ज्याला टोचली, त्यालाच हा मान मिळतो. मलम जखमेच्या जागीच लागतं आणि दिवस मावळला की हिशेब मिटतो. बैलाला त्यातलं किती कळतं हा भाग सोडा. माणसापुरतं हे प्रायश्चित्ताचं उत्तम गणित आहे.

याहून अवघड गणित दहाव्याच्या दिवशी नदीवर सुटतं. घरातल्या माणसानं आत्महत्या केली असेल तर मागे राहिलेल्यांना एकच विचार कुरतडतो, आपण त्या रात्री बोललो का नाही. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. भाऊ म्हणतो, "पोरीच्या लग्नाची फिकर नोको करू, आमी पाहून घेऊ." दुसरा सोसायटीच्या कर्जाचं बोलतो. मनात गोल फिरणारी बोच इथे चारचौघांत दिलेला शब्द होते. "मी वाईट" या भावनेला करायला काहीच नसतं, "पोरीचं लग्न" हे मात्र करता येतं. शिवाय परंपरेनं सुटकेचा दरवाजाही ठेवला आहे. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि विधी संपतो. सर्वात मोलाची गोष्ट तीच, विधी संपतो.

आता हाच विधी कुठे बिघडतो ते पाहा. कोणीतरी मागून पुटपुटतं, "बायकोवर नाराज होता, म्हणून शिवत नाही." झालं. कृतीवरचं बोट माणसावर गेलं आणि त्या बाईच्या उरावर जन्मभराचा दगड बसला. कावळा न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. माणसांचा घोळका पिंडाला खेटून उभा असतो, किंवा शेजारच्या पिंडांवर कावळ्यांची पोटं आधीच भरलेली असतात. घोळक्यानं मागे सरकावं, थोडा वेळ थांबावं, मग दर्भाचा कावळा करावा. विधवेकडे बघून कारण शोधू नये.

शरीराला त्रास दिल्यानं मन हलकं होतं का? होतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉक बास्टियन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये काही जणांना स्वतःच्या हातून घडलेली वाईट गोष्ट लिहायला लावली आणि मग बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं. साधी घटना लिहिणाऱ्यांपेक्षा यांनी हात जास्त वेळ धरला, आणि नंतर त्यांचा अपराधभाव उतरला. कडक उपास, अनवाणी वारी, लोटांगण यांनी मिळणाऱ्या हलकेपणाची ही एक बाजू. पण गोम अशी, की बर्फात हात घालून ज्याचं नुकसान झालं त्याला काहीच मिळालं नाही. बायकोला मारलं आणि देवाला नारळ फोडला, तर मारणाऱ्याचं मन शांत होतं आणि बायको तिथंच राहते. उतरलेला अपराधभाव इथे चक्क घातक ठरतो. (हात धुतले की पाप धुतल्यासारखं वाटतं, हा 2006 चा गाजलेला प्रयोग मात्र नंतरच्या मोठ्या चाचण्यांत टिकला नाही. त्यावर भिस्त ठेवू नये.)

देव कसा मनात बसला आहे, यानंही फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांच्या गटानं इस्पितळातल्या 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. "देवानं मला टाकलं का" असं ज्यांना वाटत होतं त्यांचा मृत्यूचा धोका आजारपण वगैरे बाबी हिशेबात धरूनही 28 टक्के जास्त निघाला. रुग्ण अमेरिकेतले, बहुतेक ख्रिस्ती, आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. तरी "देवाचा कोप" हे वाक्य आजाऱ्याच्या खाटेशी बोलू नये, एवढं त्यातून निघतंच.

विदर्भाला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नाही. मागच्या जन्मीच्या पापानं हलका जन्म मिळाला, ही शिकवण इथं शेकडो वर्षं माणसांच्या मनात मुरवली गेली. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा ज्यांचं जन्मगाव मानलं जातं त्या चोखोबांच्या नावच्या एका अभंगातही ती आहे. यात कृती आठवत नाही, माप नाही, शेवट नाही. नुसता माणूसच गुन्हेगार. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत माणसाला नीच मानणाऱ्या धर्माचा त्याग आहे आणि श्राद्ध, पिंडदान न करण्याचाही शब्द आहे. स्वतःची घृणा एका धर्मानं लादली आणि दुसऱ्यानं उतरवली, असं इतकं ठसठशीत उदाहरण जगात फार नाही. गाडगेबाबा कीर्तनात कर्ज काढून देवकार्य करू नका म्हणत, त्यातही हीच समज होती. उसने घेऊन घातलेली तेरवी नव्या अपराधाची पेरणी असते.

शेवट नसलेल्या फेडीचा धंदाही चालतो. पितृदोष काढला की कालसर्प निघतो, तो काढला की वास्तू. प्रत्येक वेळी "काहीतरी राहिलं" असं सांगितलं जातं.

याच्या उलट एक आजार आहे, त्यात कोणी सांगत नाही तरी माणसाला स्वतःलाच वाटत राहतं की राहिलं. पोथीतला एक शब्द चुकला म्हणून अध्याय पहिल्यापासून, पुन्हा चुकला, पुन्हा पहिल्यापासून, चार-चार तास. ही भक्ती नव्हे, मंत्रचळाचा (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा) धार्मिक प्रकार आहे. घरचे "काही पाप लागत नाही" असं दहादा समजावतात आणि आजार वाढतो, कारण दिलासा मिळाला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. उपचार उलट दिशेनं चालतो. अध्याय एकदाच वाचायचा, चूक तशीच सोडायची, मागे जायचं नाही आणि बेचैनी आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. सोबत गोळ्या लागल्या तर परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. ज्या महाराजांवर श्रद्धा आहे त्यांना विचारायचं तर एकदाच विचारावं.

आणि कधी अपराधभाव हा नैराश्याचं कारण नसून लक्षणच असतो. 9 प्रश्नांची एक चाचणी आहे. तिचा सहावा प्रश्न हाच: गेल्या दोन आठवड्यांत स्वतःबद्दल वाईट वाटलं का, आपण घरच्यांना खाली बघायला लावलं असं वाटलं का? प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली तर डॉक्टरांकडे पाठवतात. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी हालचाल करायची. अशा माणसाला प्रवचन देऊन काही होत नाही, त्याला प्रत्येक ओवीत स्वतःविरुद्धचा पुरावा दिसतो.

उपचार पोचले तर फरक पडतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या प्रकल्पात गावातलेच कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्के झालं. जवळ असं कोणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यावर पूजा, सामुदायिक प्रार्थना, वारी बंद करायचं कारण नाही. उपासाच्या दिवशी गोळी मात्र चुकवू नये. जेवणानंतरची असेल तर दूध-केळ्यावर चालेल का ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यानं निर्जळी उपास विचारल्याशिवाय धरूच नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जातं, हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, आणि घरचे त्यालाही उपास मोडल्याचं पाप समजून दवाखान्याऐवजी देवळाकडे धावतात.